खोडलेल्या नऊ ओळी

शनिवार, १२ जुलै २०१४. रमजानचा चौदावा दिवस. सकाळपासून दमट. नळाला पाणी बारीक. दुपारी तीनपासून पावणेपाचपर्यंत वीज नव्हती. चारच्या सुमारास बारावीचा निकाल लागला. बयूमीच्या रुफैदाला ४१० पैकी ४०१. इफ्तारची तोफ झाल्यावर जिन्यात सगळ्यांना गुलाबाचं सरबत. मी एक पेला घेतला, फार गोड होतं. रुफैदा खाली आली नाही.

एवढंच मी त्या दिवशी लिहिलं. डायरीत मनातलं लिहायचं नाही, घडलेलं लिहायचं, ही सवय मला नन्सच्या शाळेत सिस्टर क्लेमान्सनं लावली. दर शनिवारी त्या वह्या तपासायच्या. कोणी ‘मला वाईट वाटलं’ असं लिहिलं असेल तर म्हणायच्या, “काय झालं ते लिही. वाटलं ते देवाला सांग.” देवाला मी पुष्कळ सांगितलं. आता मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आणि त्या उन्हाळ्याच्या नोंदीत जे नाही ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

अलेक्झांड्रियात इब्राहिमियाच्या ट्रामच्या रुळांपासून आमची इमारत दुसरी. तळमजल्यावर बयूमीचं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, मागे कपड्यांची गाठोडी, आणि वीज गेली की बाहेर काढायची गॅसवर तापवायची जुनी जड इस्त्री. सगळे त्याला उस्ता बयूमी म्हणत. उस्ता म्हणजे हातात कसब असलेला माणूस, आणि त्याच्या हातात ते होतंच. माझे यजमान नसीफ बंदरावरच्या जकातीत होते. त्यांच्या शर्टाची कॉलर बयूमीखेरीज कोणाला जमली नाही.

रुफैदा ही त्याची थोरली. शाळेतून आली की गाठोड्यांवर बसून अभ्यास करायची. इस्त्री तापली का हे बघायला बयूमी बोट ओलं करून इस्त्रीच्या तळावर थेंब टाकायचा. थेंब चर्र करून गेला की इस्त्री तयार. फार तापली असेल तर मात्र थेंब जात नसे, मोत्यासारखा गोळा होऊन इकडून तिकडे पळत राही. मग बयूमी ती ओल्या फडक्यावर टेकवून निववायचा. हे प्रत्येक इस्त्रीवाल्याला माहीत असतं. कोणी त्याचा विचार करत नाही.

रुफैदा नऊ वर्षांची असताना एकदा माझ्या चादरी घेऊन वर आली आणि दारातच म्हणाली, “तांत, जास्त गरम इस्त्रीवर थेंब जास्त वेळ का टिकतो? लवकर जायला पाहिजे ना?” मला ती तांत म्हणायची, इथली पोरं शेजारच्या मोठ्या बाईला म्हणतात तसं.

“बाबांना विचार,” मी म्हटलं.

“विचारलं. बाबा म्हणाले, थेंबाला जाऊन विचार.”

मी तिला नसीफचं सेकंदकाट्याचं घड्याळ दिलं आणि जुन्या सालची एक कोरी डायरी दिली. दोन महिने ती थेंब मोजत होती. मध्यम इस्त्री, दोन सेकंद. कडक इस्त्री, एक्कावन्न सेकंद. चुकलं तर कसं खोडायचं तेही मीच शिकवलं: पट्टी ठेवून एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. गिरगटायचं नाही, रबर नाही. सिस्टर क्लेमान्सचा नियम.

शेवटी नसीफच्या फ्रेंच ज्ञानकोशात आम्हाला उत्तर सापडलं. थेंबाच्या तळाची वाफ होते, आणि उरलेला थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो, इस्त्रीला टेकतच नाही. एका जर्मन वैद्यानं ते लिहून ठेवलं होतं. मी अर्थ सांगत गेले तशी तिची मान खाली गेली.

“म्हणजे हे आधीच कोणीतरी शोधलंय?”

“हो गं.”

“कधी?”

“अडीचशे वर्षं झाली.”

तिनं जरा विचार केला. “मग ठीक आहे. तेव्हा मी नव्हतेच.”

पुढची आठ वर्षं ती अशीच होती. शर्ट घडी करताना आत घालतात त्या पुठ्ठ्यांवर गणितं करायची, आणि बयूमी तेच पुठ्ठे गिऱ्हाइकाच्या शर्टात घालायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी एकदा तक्रार केली की शर्ट उलगडला की आतून समीकरणं निघतात. बयूमी म्हणाला, “साहेब, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.”

बारावीच्या वर्षी तिच्या डोक्यात ते विद्यापीठ शिरलं. कैरोच्या बाहेर वाळवंटात नव्यानं उभं राहिलेलं, फक्त विज्ञानाचं. साऱ्या देशातून तीनशे मुलं घेणार, राहणं जेवण फुकट, आणि पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम. शाळेतल्या बाईंनी तिला माहितीपत्रक आणून दिलं होतं. ते तिनं हाताळून हाताळून मऊ केलं होतं.

बयूमीला ते पटायला जड गेलं. आमच्याकडे गुण ही वाया घालवायची गोष्ट नाही. चांगले गुण असले की डॉक्टर नाहीतर इंजिनीअर. नुसतं विज्ञान शिकायला जातात ते उरलेले. तो मला म्हणाला, “मदाम, लोक काय म्हणतील? पोरीला सत्त्याण्णव टक्के पडतील आणि ती जाऊन मास्तरीण होईल. मी लोकांच्या कॉलरी करत मरायचं आणि हिनं शाळेत खडू खायचा?”

“ते मास्तर करायचं विद्यापीठ नाही, उस्ता. फार थोड्यांना घेतात तिथे.”

“किती थोड्यांना?”

“शंभरातल्या एकालाही नाही.”

हे मात्र त्याला भावलं. दुर्मीळ मालाची कदर त्याला होती. त्या आठवड्यात बापलेकीत करार झाला, माझ्यासमोर, दुकानात. बयूमी म्हणाला, “तिथे पोचलीस तर मी स्वतः तुझी पेटी उचलून नेईन. नाही पोचलीस तर इथलं इंजिनीअरिंग. आणि मग या तोंडातून पुन्हा फिजिक्स हा शब्द नाही. कबूल?”

“कबूल,” रुफैदा म्हणाली. तिची आई नगात मागे बटणं लावत बसली होती. ती पुटपुटली, “दोघंही येडे आहेत.”

त्या विद्यापीठाची परीक्षा आणि मुलाखत इंग्रजीत होती, म्हणून रुफैदा रोज अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर तासभर माझ्याकडे यायची. लेखी परीक्षा मार्चमध्ये झाली. एप्रिलमध्ये मुलाखतीला बापलेक पहाटेच्या गाडीनं कैरोला गेले. प्रत्येकाला पंधरा मिनिटं होती. हिला चाळीस मिनिटं ठेवून घेतलं. एका प्राध्यापकानं विचारलं होतं, तू स्वतः काही शोधलंस का? तर हिनं इस्त्रीवरचा थेंब सांगितला, आणि जर्मन वैद्य अडीचशे वर्षं आधी आला हेही सांगितलं. ते सगळे हसले म्हणे, आणि मग खरे प्रश्न विचारू लागले. बयूमी बाहेर बाकावर बसून घामाघूम. “मला वाटलं हिनं काहीतरी फोडलं,” तो मला म्हणाला.

मे महिन्यात पत्र आलं. निवड झाली आहे, अट एकच: बारावीच्या सरकारी परीक्षेत अठ्ठ्याण्णव टक्के. चारशे दहापैकी चारशे दोन.

मग ती आपली शक्यता मांडू लागली. प्रत्येक विषयात किती गुण जाऊ शकतात, त्यावरून चारशे दोनच्या वर राहण्याची शक्यता किती, हे पुठ्ठ्यावर काढायची आणि तो पुठ्ठा दुकानाच्या काचेला टेकवून ठेवायची. बयूमी येणाऱ्याजाणाऱ्याला हवामान सांगावं तसं सांगायचा. “आज त्र्याण्णव टक्के आहे.” रसायनशास्त्राचा पेपर झाला त्या दिवशी म्हणाला, “एकोणनव्वदवर आलंय, पण फिजिक्स बाकी आहे. फिजिक्सला आमचं मोकळं आकाश.”

फिजिक्सची शिकवणी मिस्टर तलअतकडे होती. फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दोनशे मुलं, आणि मिस्टर तलअत माइकवर. ते एका अर्थी भले गृहस्थ होते. दरवर्षी मंडळाची आदर्श उत्तरं मिळवून त्यातली प्रत्येक ओळ मुलांकडून घोटून घ्यायचे. त्यांचं एक वाक्य सगळ्या अलेक्झांड्रियाला पाठ होतं: “परीक्षकाला तुझं डोकं नकोय, माझी वही हवीय.” एकदा रुफैदानं उभं राहून एका गणिताची वेगळी रीत सांगितली, तर ते माइकवरूनच म्हणाले, “बसा, इब्राहिमियाच्या शास्त्रज्ञबाई. रीत बरोबर आहे. गुण शून्य.” हॉल हसला. तीही हसली, असं तिनंच मला सांगितलं.

पेपरच्या आदल्या दिवशी ती दुपारी वर आली. मी मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसले होते. तिनं दोन कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवले.

“तांत, हे बघा. एकच गणित आहे. विजेचं मंडल, पाच तारा. हे मिस्टरांचं, नऊ ओळी. हे माझं, तीन ओळी.”

“मला त्यातलं काय कळणार?”

“कळेल. हे बघा, दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत ना? तुमच्या खिडकीच्या दोन दारांसारख्या. म्हणजे मधल्या तारेतून वीज जायला कारणच नाही. ती तार काढून टाकली तरी चालेल. मग उरतं काय, काहीच नाही. मिस्टर आधी सगळ्या तारांची समीकरणं लिहितात, आणि शेवटी मधल्या तारेत शून्य येतं. मला ते शून्य आधीच दिसतंय.”

आणि खरंच, मला कळलं. पंचाहत्तरीला आलेल्या बाईला, जिचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता, तिला त्या मुलीनं एका मिनिटात ते शून्य दाखवलं. मला फार आनंद झाला होता, हे मी कबूल केलं पाहिजे, कारण पुढचं त्या आनंदातून आलं.

“उद्या असलं गणित आलं तर कुठलं लिहू?” तिनं विचारलं. “मिस्टरांचं मला पाठ आहे. माझं मला समजलंय.”

मी पानं खुडता खुडता म्हटलं, “जे समजलंय ते लिहावं, बाळा.”

ती कागद गोळा करून गेली. डायरीत त्या दिवशी आहे: ‘मुलुखिया केली. रुफैदा अर्धा तास बसून गेली.’

दुसऱ्या दिवशी ती पेपर देऊन आली आणि तिनं काचेला नवा पुठ्ठा लावला. शहाण्णव टक्के. बयूमीनं त्या दिवशी शेजारच्या न्हाव्याला त्याचा पांढरा कोट फुकट इस्त्री करून दिला.

निकालाच्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे कॉम्प्युटर बंद. नगातचा भाऊ दमनहूरला होता, त्यानं तिथून बघून फोनवर सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या हज्जा दौलतनी जिन्यात येऊन असा काही आनंदाचा चीत्कार केला की चौथ्या मजल्यावरचं तान्हं रडायला लागलं. चारशे एक. आमच्या गल्लीत इतके गुण कोणालाच कधी पडले नव्हते. सरबत नगातनं सकाळीच करून ठेवलं होतं, पण रोजे असल्यामुळे तोफेपर्यंत कोणी पिऊ शकत नव्हतं. तेवढ्या तीन तासांत सगळी इमारत दुकानासमोर येऊन बयूमीला मिठ्या मारून गेली. तो प्रत्येकाला ‘अल्लाची कृपा’ म्हणत होता आणि त्याचे हात टेबलावरच्या घोंगडीची सुरकुती काढत होते. पुन्हा पुन्हा, जिथे सुरकुती नव्हती तिथे.

मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाला, “एका गुणानं, मदाम.”

हज्जा दौलतना ते ऐकू गेलं. “एक गुण? अरे, माझ्या नातवाला पडलेत त्यातला एक घे. त्याला काय फरक पडतोय.”

सगळे हसले. बयूमीही हसला.

मी पाच मजले चढून गच्चीवर गेले, मधे दोनदा टेकले. ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. रडून झालं होतं की सुरूच झालं नव्हतं, कळेना.

“तांत, मी शहाण्णव टक्के म्हणाले होते ना,” ती म्हणाली. “उरलेले चार टक्के पण खरेच असतात. मी ते विसरले होते.”

मी तिच्याजवळ बसले. खाली कोणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं.

“फिजिक्समध्ये दोन गुण गेलेत,” ती म्हणाली. “बाकी जिथे गेले तिथे मला माहीत होतं जाणार. फिजिक्समध्ये माझं काहीही चुकलेलं नाही. काहीतरी मोजायचं राहिलंय.”

विद्यापीठाला मी स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. वीस ऑगस्टपर्यंत वाढीव गुणांचा दाखला आणला तर जागा ठेवू, त्यानंतर नाही. आणि पुढच्या वर्षी अर्ज करता येणार नाही, कारण ते त्याच वर्षी पास झालेल्यांना घेतात. म्हणून गुणांबद्दल हरकतीचा अर्ज केला. बयूमीनं इंजिनीअरिंगचा अर्जही भरून ठेवला, कराराप्रमाणे. तो म्हणाला, “दोन गुण मिळाले की तो फाडू.”

हरकतीची तारीख अकरा ऑगस्ट मिळाली. एका शाळेच्या इमारतीत उत्तरपत्रिका दाखवत होते. बयूमी म्हणाला, “मदाम, तुम्ही चला. तुम्ही असलात की ते लोक नीट बोलतील.” त्यानं माझा करडा पोशाख आदल्या दिवशी स्वतः इस्त्री करून दिला होता.

वर्गात पंखा होता, वीजही होती. टेबलामागच्या बाई पन्नाशीच्या, डोळ्यांत झोप. पुढ्यात चहाचा पेला. त्यांनी नाव वाचलं, गुण वाचले, आणि रुफैदाकडे वर पाहिलं. “तू चारशे एकवाली? आणि तुला हरकत आहे? अगं, माझ्या पोराला तीनशे पाच पडले, तर आम्ही बासबुसाची मिठाई वाटली.”

“दोन गुणांचा प्रश्न आहे, बाई,” बयूमी म्हणाला.

“सगळ्यांचा दोनच गुणांचा असतो, हाज. बसा.” वयस्क माणसाला इथे मानानं हाज म्हणतात.

त्यांनी पत्रिका काढली आणि पेन्सिलीच्या टोकानं प्रत्येक पानावरचे लाल आकडे मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. पहिलं पान, दुसरं, तिसरं. आम्ही तिघंही त्यांच्याबरोबर मनात मोजत होतो. सातव्या पानावर लाल शून्य होतं.

“हे,” रुफैदा म्हणाली. “हे उत्तर बरोबर आहे.”

“असेल गं. मी बेरीज बघायला बसलेय, उत्तर नाही.” तरी त्यांनी पान आमच्याकडे फिरवलं. वाईट बाई नव्हत्या. “पायऱ्या कुठे आहेत? तीन ओळींत दोन गुण कोण देईल?”

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात त्या तीन ओळी होत्या. आणि वरच्या अर्ध्यात नऊ ओळी होत्या, तिच्या सुबक अक्षरात, मिस्टर तलअतांच्या वहीतल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांच्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पट्टी ठेवून मारलेली एक सरळ रेघ होती. खालचं सगळं वाचता येत होतं.

बयूमीला अक्षर जेमतेम वाचता येतं. पण ती नऊ ओळींची रीत त्यानं वर्षभर तिच्या तोंडून ऐकली होती, पुठ्ठ्यांवर पाहिली होती. तो वाकून बघत राहिला. “हे तर मिस्टरांचंच आहे.”

“हो का?” बाईंनी चष्मा वर केला आणि वाचलं. “अरेच्चा. हे अगदी आदर्श उत्तरासारखं आहे. हे खोडलं नसतं तर पुरे दोन मिळाले असते.”

“मग द्या ना. दिसतंय की सगळं.”

“खोडलेलं आम्ही वाचत नाही, हाज. नियम आहे.” मग त्या रुफैदाकडे वळल्या. “पण तू खोडलंस कशाला, बाळा? दोन्ही राहू द्यायचीस.”

“दोन उत्तरं लिहिली तर पहिलंच तपासतात,” रुफैदा म्हणाली. “मला दुसरं तपासायला हवं होतं.”

“का?” बयूमीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. “लिहून झालं होतं. बरोबर होतं. मग का खोडलंस?”

मी तिथे होते. माझ्या आणि तिच्या खुर्चीत हातभर अंतर होतं. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, आणि तिनं बघू नये म्हणून मी मांडीवरच्या पिशवीचे बंद बघत राहिले. तिनं बघितलंच नाही. समोरच्या पंख्याकडे बघून म्हणाली, “मला वाटलं म्हणून.”

“वाटलं म्हणून,” बयूमी म्हणाला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं: उस्ता, मी सांगितलं होतं तिला. त्यानं दोन गुण मिळाले नसते. पण त्या मुलीनं बापासमोर मूर्ख ठरण्याचं कारण उरलं नसतं. मी ते वाक्य बोलले नाही. नन्सच्या शाळेत बारा वर्षं खरं बोलायला शिकले, आणि ते लागलं तेव्हा पिशवीचे बंद मोजले.

बाईंनी शेवटच्या पानापर्यंत मोजलं आणि तळाशी पेन्सिलीनं खूण केली. “बेरीज बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “इथे सही.”

ट्राममध्ये बयूमी उभा राहिला, जागा असूनही. रुफैदा माझ्या शेजारी. स्टेशनं येत गेली. तिचा हात माझ्या हाताला लागून होता, तो तिनं काढून घेतला नाही, आणि तेच मला सोसवत नव्हतं. इब्राहिमियाला उतरताना तिनं मला धरून उतरवलं.

दोन दिवसांनी ती वर आली. नसीफचं घड्याळ आणि माझा इंग्रजी शब्दकोश टेबलावर ठेवला. मी रात्रभर जे जुळवलं होतं ते बोलायला लागले. “रुफैदा, त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं—”

“तांत,” तिनं मला थांबवलं. “माझं उत्तर बरोबर होतं ना?”

“होतं.”

“तुम्हाला कळलं होतं ना?”

“हो.”

“मग झालं.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “घड्याळाला किल्ली देत जा. बंद पडतं.”

वीस ऑगस्ट आला आणि गेला. त्या दिवशी काचेवरून पुठ्ठा काढलेला मी पाहिला. सप्टेंबरात ती इंजिनीअरिंगला गेली. हुशार होती, सहज निघाली. आता स्मुहाच्या बाजूला एका कंपनीत इमारतींच्या एअर कंडिशनरची मापं काढते. दोन मुलं आहेत. नवरा मिळून मिसळून आहे. सणाला येते, घरी केलेली काहकची बिस्किटं आणते, माझा रक्तदाब विचारते. शब्दाची पक्की. फिजिक्स हा शब्द तिनं माझ्यासमोर दहा वर्षांत काढलेला नाही. एकदा तिच्या धाकट्यानं माझ्या स्वयंपाकघरात गरम तव्यावर पाणी शिंपडलं. थेंब गोळे होऊन पळायला लागले तशी ती उठली, तव्याखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, “भाजेल.” मुलगा विचारत होता, हे पळतायत कशाला. ती म्हणाली, “आजीला त्रास देऊ नकोस.”

बयूमी अजून इस्त्री करतो, बसून. गिऱ्हाइकाला सांगतो, आमची इंजिनीअर. पण मधूनच, मी कपडे द्यायला खाली उतरले आणि दुकानात कोणी नसलं, की तो इस्त्री उभी करून ठेवतो.

“मदाम, एक गोष्ट मला अजून कळत नाही. लिहून झालं होतं. बरोबर होतं. का खोडलं असेल हो?”

“कोण जाणे, उस्ता,” मी म्हणते.

अकरा ऑगस्टच्या त्या संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी डायरी उघडली होती. तारीख घातली. शाळेच्या इमारतीचं नाव लिहिलं, बाईंनी काय सांगितलं ते लिहिलं, आणि पुढची ओळ बराच वेळ कोरी ठेवली. तेवढ्यात नगात कपडे देऊन गेली. मग लिहिलं: ‘इस्त्रीहून दोन चादरी, चार अभ्रे आले. एक अभ्रा ओलसर होता, तो दोरीवर टाकला.’